अंगी न लागलेला खुराक

आण्णा, गेल्या महिन्यात नगरच्या एका डॉक्टरनं मला पाय जुळवून उभं केलं, दोन्ही हात पुढं धरायला लावले आणि म्हणाला, "आता डोळे मिटा." मी मिटले आणि धाडकन पडले. माझ्या मुलाच्या वयाचा डॉक्टर, मागंच उभा होता म्हणून डोकं फुटलं नाही. "घाबरू नका मॅडम, ही तपासणीच अशी असते," म्हणाला. मी कसली घाबरतेय! मला असा संताप आला होता की त्याच्या कानाखाली जाळ काढावा. त्रेपन्न वर्षांची बाई मी, सत्तावीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवतेय, किती पोरींना मॅटवर पाय रोवून उभं राहायला शिकवलं, आणि मलाच माझ्या दोन पायांवर उभं राहता येत नाही म्हणजे काय! मग त्यानं मला टेबलावर निजवलं, माझ्या पायाचा अंगठा धरला आणि वर-खाली करत विचारू लागला, "आता वर की खाली? आता?" मी आपली ठोकून देत होते. बहुतेक सगळं चुकलं. पाय माझेच, पण बघितल्याशिवाय ते कुठं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. छताकडं बघत पडले होते आणि एकदम तुम्ही आठवलात. शेवटच्या दोन वर्षांतलं तुमचं चालणं. जमिनीकडं बघत, एकेक पाऊल आपटत, दगडी फरशीवरसुद्धा चिखलातून निघाल्यासारखं. सदतीस-अडतीस वर्षांत मी तुम्हाला पुष्कळदा आठवलंय आण्णा, पण प्रत्येक वेळी तुमचा हात आठवला होता. पाय त्या दिवशी पहिल्यांदा आठवले.

त्याच्या आधी वर्षभर मी डॉक्टरांचे उंबरे झिजवत होते. एक म्हणाला पाळी जायच्या वयात असं होतंच, एकानं लोहाच्या गोळ्या दिल्या, एकानं मानेला पट्टा बांधला. पायाला मुंग्या, हाताला मुंग्या, जिभेची आग, जिना चढले की छाती भात्यासारखी, चेहरा असा फिकट पिवळा की शिपाईबाई म्हणाली, मॅडम, कावीळ झाली का बघून घ्या. शेवटी या पोरानं रक्त काढलं, पोटात दुर्बीण घातली आणि सांगितलं की बी-ट्वेल्व्ह नाहीच अंगात. "शाकाहारी आहात का?" म्हणाला. मी हसले. वस्तादाची लेक मी, माझ्या घरी रविवारी मटण शिजलं नाही तर शेजारी विचारायला येतात, बरं नाही का म्हणून. तर तो म्हणाला, खाण्याचा दोष नाही मॅडम. जठरात एक द्रव्य तयार व्हावं लागतं, त्याच्याशिवाय ते जीवनसत्त्व शरीरात शिरतच नाही. तुमचं शरीरच ते द्रव्य तयार करणाऱ्या पेशी मारून टाकतंय. तुम्ही कितीही खा, सगळं नुसतं जाणार. मी म्हटलं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. तो म्हणाला, "अगदी बरोबर. हेच शब्द." मग त्यानं विचारलं, घरात आधी कुणाला होतं का? मी म्हटलं, नाही. आणि बाहेर येऊन बाकावर बसले, तर उठवेना.

कारण हे वाक्य आपल्या घरात वर्ष-दीड वर्ष रोज म्हटलं जात होतं. "वस्तादांच्या अंगी काय लागंना बघा." आई म्हणायची, तालमीतले म्हणायचे, तुम्ही स्वतः आरशात दंड बघून म्हणायचात. आणि आपली सगळी अक्कल तिथंच संपायची. पैलवानाचं घर. अंगी लागत नाही ना, मग खुराक वाढवा. दूध वाढवलं, तूप वाढवलं, बदाम वाढवले, अंडी कच्ची फोडून दिली. बोकडाचं काळीज आईनं रोज शिजवलं. तरी तुम्ही वाळत गेलात, तर म्हणे जोर-बैठका कमी पडतायत, घाम निघाल्याशिवाय पचत नाही. म्हणजे ज्या माणसाला दम लागतोय त्याला आणखी पळवा! दुसऱ्या कुठल्या घरात एखाद्यानं म्हटलं असतं, खाऊन काही होत नाही तर खाण्यात दोष नसेल. आपल्याकडं हे सुचणं शक्य नव्हतं.

हे सगळं मी आज का लिहितेय ते सांगते. मला शाळेनं नोटीस दिलीय. सात दिवसांत लेखी खुलासा द्या. उद्या सातवा दिवस. फुलस्केप कागद समोर घेऊन सकाळपासून बसलेय, आणि वर "मा. मुख्याध्यापक" लिहायच्या ऐवजी "आण्णा" लिहिलं गेलं.

झालं असं. दिवाळीच्या आधी, आजार कळायच्या दोन आठवडे अगोदर, मुलींचा सराव चालला होता. मी मॅटवरून खाली उतरताना तोल गेला, भिंतीला धरून सावरले. नववीतली एक पोरगी, माझी सगळ्यात चांगली पोरगी आण्णा, पट काढण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही, ती शेजारणीच्या कानात हळूच म्हणाली, "मॅडमनी आज टाकलीय वाटतं." हसली. पोरीच त्या, हसायच्याच. मी चार पावलं गेले आणि तिच्या कानफटात मारली. मारली म्हणजे कशी? माझ्या हाताला काही कळलंच नाही. हात बधिर होता. मला वाटलं, नुसता लागलाय. म्हणून पुन्हा मारली. मग बाकीच्या पोरींची तोंडं बघितली आणि मला कळलं की मी काय केलंय. तिच्या कानातून रक्ताची बारीक ओळ मानेवर आली होती. पडदा फाटला. ती रडली नाही, हेच वाईट. माझ्याकडं बघत राहिली, आणि तशी नजर मी ओळखते, कारण मी ती वापरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. कांदे काढायचं सोडून आली होती, नखांत माती. सगळ्या स्टाफसमोर मला म्हणाली, "बाई, तुमच्याकडं पोरगी शिकाया धाडली व्हती. भैरी कराया न्हाई." मी मान खाली घातली. आता मुख्याध्यापक म्हणतात, "मॅडम, डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा. या आजारात चिडचिड होते, भान राहत नाही, हाताला संवेदना नसते, असं लिहून आणा. प्रकरण मिटून जाईल. तुमची नोकरीची पाचच वर्षं राहिलीत, कशाला डाग लावून घेता?" डॉक्टरनं प्रमाणपत्र दिलंय. खोटं नाही ते, एक अक्षर खोटं नाही. हा आजार मेंदूवरसुद्धा जातो म्हणाला, माणूस संशयी होतो, हिंसक होतो. समोर पडलंय ते. आणि मला ते खुलाशाला टाचता येत नाही. कारण माझ्या मारण्याला हा कागद लागत असेल, तर आण्णा, तुमच्याही मारण्याला तो लागतो. मला सुटायचं असेल तर आधी तुम्हाला सोडावं लागतंय. आणि ते मला जमत नाही. स्पष्ट सांगते, जमत नाही.

तुम्ही आजाराआधी मारत नव्हता का? रोज मारत होता. तालमीतल्या मातीच्या हौदाच्या कडेला चिंचेचा फोक रोवून ठेवलेला असायचा. पोरगा जोर मारताना थांबला की पोटरीवर सप्पकन. मी नऊ-दहा वर्षांची, तालमीच्या मागच्या खिडकीच्या गजाला लोंबकळून बघतेय. पोरींना आत यायची बंदी, पण खिडकीला कोण अडवणार? लाल मातीला तेल-ताकाचा वास, पोरांच्या अंगाची वाफ, आणि तुम्ही लांग चढवून मध्ये उभे, दरवाजा भरून जाईल एवढे. तुमचा फोक पोटरीवरच पडायचा, कधी तोंडावर नाही, कधी पाठीवर नाही. मारून झालं की त्याच पोराला तुम्ही स्वतः मातीनं रगडून द्यायचा. तालमीतले म्हणायचे, वस्तादाचा मार अंगी लागतो. मलाही लागला तो. सहावीत मी खोटं बोलले म्हणून तुम्ही तळहातावर दोन दिल्यात आणि म्हणालात, "दुखतंय का? मग ध्यानात ऱ्हाईल." राहिलं की! पण त्या मारण्याला एक हद्द होती, एवढं मात्र मी तुमच्या बाजूनं लिहीन.

मग हद्द गेली. आधी जिभेपासून सुरू झालं. जीभ लालभडक, गुळगुळीत, कातडं सोलल्यासारखी. आईनं कालवणात तिखट घालायचं बंद केलं तरी तुम्हाला झोंबायचं. एका दुपारी तुम्ही एक घास घेतलात आणि पितळी तांब्या उचलून आईच्या कपाळावर फेकलात. "जाळून मारती का मला?" आई खाली बसली, पदर कपाळाला लावला, पदर लाल होत गेला, आणि तोंडानं म्हणतेय, "पोरी, त्यास्नी दही वाढ." मी दही वाढलं! रक्तानं भरलेल्या घरात मी तुम्हाला दही वाढलं आण्णा, आणि तुम्ही ते खाल्लंत. त्या वाढण्याची मला आजही शिसारी येते. तुम्ही मारलंत त्याच्यापेक्षा जास्त येते. तांब्याची खूण आईच्या भुवईवर शेवटपर्यंत होती, कुंकू लावताना ती तिला चुकवून लावायची.

पुढं संशय शिरला. थंडाईचे बदाम मी वाटायची, शाळेतून आले की पाट्यावर बसायचं, ते माझं काम. एके दिवशी तुम्ही एक घोट घेऊन थुंकलात आणि माझ्याकडं असे बघायला लागलात की मला वाटलं, मागं दुसरं कुणी उभं आहे. "काय घातलंस यात? कुनी दिलं तुला घालाया?" मी म्हटलं, बदाम आहेत, खसखस आहे. तुम्ही माझी वेणी मनगटाला गुंडाळलीत, मान मागं केलीत आणि अख्खा तांब्या माझ्या तोंडात ओतलात. नाकात गेलं, डोळ्यांत गेलं, मी ओकले, तरी तुम्ही ओतताय. "पी. मंग कळंल." तांब्या रिकामा झाला तेव्हा तुम्ही मला सोडलंत आणि उकिडवे बसून बघत राहिलात, मी मरते का ते. मी मेले नाही. त्यानंतरही दुसऱ्या दिवशी बदाम मीच वाटले आणि आधी एक वाटी मी प्यायची, मग तुम्ही. हे तुमच्या मरणापर्यंत चाललं. बदाम मला आजसुद्धा खाववत नाहीत, पोरींना खुराक सांगताना मी शेंगदाणे सांगते.

तालीम रिकामी व्हायला लागली. एका पोराला डाव दाखवताना तुम्ही त्याचा हात मागं नेलात, तो ओरडला, "वस्ताद, मोडतोय, मोडतोय," आणि तुम्ही दाबत राहिलात, तो मोडला. तुमचं तोंड मी खिडकीतून बघितलं होतं. तुम्हाला कळलंच नव्हतं की तुम्ही किती जोर लावलाय. मला तेव्हा ते क्रौर्य वाटलं. त्या दिवशी मॅटवर माझंही तोंड तसंच दिसलं असणार. खाण तशी माती, दुसरं काय!

आणि गाव काय म्हणत होतं? वस्ताद प्यायला लागला. जन्मात थेंब न शिवलेला माणूस! तुमचं झोकांड्या देत चालणं, बाजाराच्या गर्दीत कुणाच्याही अंगावर जाणं, डोळे पिवळे, हे बघून पारावरचे हसायचे. एकदा भर चौकात तुमचा जुना जोडीदार, एका ताटात जेवलेला माणूस, तुमची हनुवटी धरून म्हणाला, "तोंड उघड वस्ताद, वास बघू दे. सगळ्यांची शंका एकदाची फिटू दे." मी दळण घेऊन पलीकडं उभी होते. आणि तुम्ही तोंड उघडलंत आण्णा. मला वाटलं होतं तुम्ही त्याला उचलून आपटाल. तुम्ही लहान पोरासारखं तोंड उघडलंत, त्यानं वास घेतला, मागं वळून लोकांना सांगितलं, "न्हाई, वास तर न्हाई." तेव्हा कुठं तुम्ही त्याच्या नाकावर डोकं हाणलंत. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्याच्या या बाजूला आला. त्या दिवशी मी तुमच्यासाठी रडले होते. एकदाच रडले, तेव्हाच. सरावाला माझ्या त्या पोरीनं तेच म्हटलं ना, टाकलीय वाटतं, तेव्हा माझ्या डोक्यात तो चौक उभा राहिला असं मी खुलाशात लिहू शकते. पण त्या बिचारीचा काय संबंध त्या चौकाशी?

सगळ्यात चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आठवडी बाजाराला एक डॉक्टर बसायचा, पाठदुखी, कंबरदुखी, अशक्तपणा, सगळ्याला एकच लाल इंजेक्शन द्यायचा. ताकदीचं इंजेक्शन म्हणायचे लोक. त्यात हेच बी-ट्वेल्व्ह असायचं. आता मला टोचतात ते तसंच लाल, तेव्हा मी रंगावरून ओळखलं. आई तुमच्या पाया पडली होती, एकदा टोचून तरी घ्या म्हणून. तुम्ही म्हणालात, "सुई टोचून ताकद येत आसती तर डाक्टरच्या पोरानं फड मारला आसता." तालमीतले हसले, तुम्हीही हसलात. काय तो रुबाब! आडात नव्हतं तरी पोहरा भरून दाखवायचा. तो एक दंड तुम्ही पुढं केला असतात तर आईचं कपाळ, त्या पोराचा हात, माझं बालपण, सगळं वाचलं असतं. तुम्हीसुद्धा वाचला असतात.

आता तो दिवस. तो मी इतक्यांदा सांगितलाय की तोंडपाठ आहे. मी पंधरा वर्षांची. शाळेतून आले तर स्वयंपाकघरात तुम्ही आईच्या छातीवर गुडघा ठेवून बसलेले, डाव्या हाताला तिचे केस, उजव्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. "सांग. कोन देतं तुला इख? नाव सांग." आईचं तोंड निळं पडलंय, ती बोलू शकत नाही आणि तुम्ही नाव विचारताय. मी ओरडले. तुम्ही उठलात, बत्ता घेऊन माझ्याकडं वळलात. आणि मी, खिडकीच्या गजाला लोंबकळून शिकलेली पोरगी, पुढं सरकले, तुमचा बत्त्याचा हात बगलेत घेतला, पाय तुमच्या गुडघ्यामागं अडकवला आणि टांग मारली. पाच तालुक्यांत ज्याची पाठ कुणी मातीला लावली नाही तो वस्ताद शेणानं सारवलेल्या जमिनीवर उताणा पडला. दोन्ही खांदे टेकले. बत्ता घरंगळत चुलीकडं गेला. तुम्ही उठायचा प्रयत्न केला नाहीत. आढ्याकडं तोंड करून विचारलंत, "टांग कुनी शिकिवली तुला?" मी म्हटलं, "तुमीच." आई खोकत खोकत म्हणतेय, "आगं, हात दे त्यास्नी, उठीव." मी हात दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दप्तरावर नारळ ठेवलेला होता. फडात जिंकणाऱ्याला देतात तसा, शेंडी राखून सोललेला, वर हळदीकुंकवाचं बोट. तालमीची किल्ली तुम्ही त्याच दिवशी गावातल्या जाणत्यांकडं दिलीत, पाठ लागलेल्या वस्तादानं हौदात उतरू नये म्हणून. का दिली हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, सांगितलं ते मी, पुढं. त्यानंतर तुम्ही कुणावर हात उचलला नाही. ओसरीवर बसायचा, हिवाळ्यात पायाला सूज आली, श्वास लागायला लागला, आणि संक्रांतीच्या अगोदर गेलात. नारळाची आईनं चटणी केली होती. जिभेमुळं तुम्हाला खाता आली नाही.

या एका टांगेवर मी जन्म काढला आण्णा. दाव्याला लावायची पोरगी म्हणून सगळे बघत होते, मी पुण्याला जाऊन व्यायामशिक्षणाचं कॉलेज केलं. मुलाखतीत विचारलं, खेळाची आवड कशी लागली? मी हीच गोष्ट सांगितली. लग्न ठरताना नवऱ्याला सांगितली, म्हणजे पुढं त्यानं हात उचलायच्या आधी विचार करावा. प्रत्येक वर्षी नव्या पोरी आल्या की मॅटवर गोल बसवून सांगते. अंगात जोर नसला तरी डाव पाहिजे, असं शेवटी म्हणते. ज्या पोरीचा कान मी फोडला, तिनं तर ही गोष्ट भाषणस्पर्धेत सांगून बक्षीस आणलं होतं. आणि आता मला डॉक्टर सांगतो की असल्या रोग्याला पायाखालची जमीनच कळत नाही. म्हणजे मी कुणाला पाडलं? त्या दिवशी शेजारच्या घरातलं रांगतं मूल तुमच्या पायात आलं असतं तरी तुम्ही पडला असतात.

इंजेक्शनं चालू आहेत. आधी दिवसाआड, आता आठवड्याला, पुढं महिन्याला, मरेपर्यंत. मुंग्या कमी झाल्या, जीभ बरी झाली, चेहऱ्यावर रंग आला. मी वाट बघत होते की राग कधी जातो. खरं सांगते, आशेनं वाट बघत होते. राग गेला असता तर तो आजाराचा होता असं म्हणता आलं असतं, माझाही आणि तुमचाही. मागच्या शनिवारी रिपोर्ट आला, सगळे आकडे जागेवर. त्याच दुपारी भाजीत मीठ जास्त झालं असं नवरा म्हणाला, आणि मी ताट भिंतीवर फेकलं. डाळ अजून भिंतीवर आहे, पुसली नाही. तो चप्पल घालून बाहेर गेला. म्हणजे थोडा आजार होता आणि थोडी मी होते. किती आजार आणि किती मी, हे कुठल्या रक्तात दिसतं? तुमचंही तसंच असणार. चिंचेचा फोक तुमचा होता, तांब्या कुणाचा ते मला माहीत नाही. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. माफ करायला निघाले होते, तर मध्येच हे ताट आलं.

पोरीला बघायला गेले होते. तिच्या आईनं उंबऱ्यातच उभं ठेवलं, पाणी विचारलं नाही, आणि बरोबरच केलं. पोरगी बाहेर आली, कानात कापूस. पडदा भरून येईल म्हणतात, कमी ऐकू येईल कदाचित. मी तिला म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "मॅडम, तुमी आजारी हुता ना? सगळे म्हणत्यात." बघा, तिनंही मला कागद आणून दिला. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घरी येऊन खुलासा लिहायला घेतला आणि हे असं झालं.

खुलासा लिहिलाय आता. चार ओळी. मी विद्यार्थिनीच्या कानावर दोन वेळा मारलं, तिची चूक मारण्याएवढी नव्हती, होईल ती कारवाई मला मान्य आहे. प्रमाणपत्र जोडलेलं नाही. मुख्याध्यापक मला वेड्यात काढतील, काढू देत.

हे पत्र धाडायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी धाडलं नसतं, कारण त्या दिवसाची गोष्ट मी या पत्रातसुद्धा सगळ्यांना सांगते तशीच लिहिली. एक गोष्ट गाळून. रोज सकाळी मोरीत तुमच्या हातावर पाणी मी घालायची. तोंडाला साबण लावून डोळे मिटलेत की तुम्ही एका हातानं भिंत धरायचा. एकदा हात निसटला, तुम्ही माझ्या अंगावर कोसळलात, आणि मला जवळ ओढून म्हणालात, "डोळं मिटलं की जमीन जाती बघ. कुनाला सांगू नगं, आईलाबी न्हाई." तेवढा एकच भरवसा तुम्ही शेवटच्या काळात कुणावर ठेवलात. मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी तुम्ही बत्ता घेऊन वळलात तेव्हा मी आधी चुलीतली राख मूठभर उचलली आणि तुमच्या डोळ्यांत मारली. तुम्ही डोळे मिटलेत, आणि मग मी पाय घातला. आईला दिसलं नाही. तुम्हाला तर ठाऊकच होतं, संध्याकाळपर्यंत तुम्ही डोळे धूत होता, तरीही तुम्ही नारळ ठेवलात. आईला वाचवायला राख टाकली म्हणावं, तर ते खरं आहे. पण राख उचलताना मला आई आठवली नव्हती आण्णा, मला तुम्हाला पडलेलं बघायचं होतं. आणि तेव्हा माझं रक्त अगदी चांगलं होतं.